कंबरदुखीचं माप: औषधांच्या जोडीला काय, किती आणि कोणत्या क्रमानं

लग्नसराईत सलग चार-पाच तास मशीनवर बसायचं, ब्लाऊजचा ढीग संपवायचा, मग तीन दिवस आडवं पडायचं. चौथ्या दिवशी जरा बरं वाटलं की परत तोच ढीग. साताऱ्यात शिवणकाम करताना माझी अकरा वर्षं अशीच गेली. या काळात मी कमरेला पट्टा बांधला, फळीवर झोपले, वजनं लावून कंबर ताणायचं ट्रॅक्शन घेतलं, कुणी सांगितला तो काढा प्यायले आणि बामच्या बाटल्या तर मोजल्याच नाहीत. बरेचदा हे सगळं एकाच आठवड्यात चालायचं. त्यामुळे कशानं उतार पडला आणि कशानं पैसे गेले, याचा पत्ताच लागत नसे.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. एकदा ती वैतागून म्हणाली, "मावशी, माप न घेता तू कुणाचं कापड कापतेस का? मग कमरेवर अंदाजानं कशाला कात्री चालवतेस?" तेव्हापासून एका वेळी एकच बदल करायचा, तो निदान दोन-तीन आठवडे पाळायचा आणि वहीत लिहायचा, असं ठरवलं. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमानं. यातलं काहीही डॉक्टरांच्या औषधाऐवजी नाही, त्याच्या जोडीला आहे. गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका. नसांच्या दुखण्याच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास होतो, त्या हळूहळू उतरवाव्या लागतात.

आधी धोक्याच्या खुणा

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. जुनाट असलं तरी एकदा नीट तपासून घ्यायचंच. शी-लघवीवरचा ताबा सुटणं, लघवी तुंबणं, बसायच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, पायातली ताकद जाऊन चप्पल निसटणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता असलं तरी मोठ्या दवाखान्यात जायचं. तिथे तासांचा हिशेब असतो.

बारीक ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्रीचा घाम आणि झोपेतून उठवणारी कंबरदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी वगळावा लागतो. आपल्याकडे तो अजून दिसतो. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेलं असणं, उतारवयात साधं पडून दुखणं सुरू होणं, हेही पहिल्याच भेटीत सांगायचं. पोरगं पंचविशीतलं आहे, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कंबर आखडते, हालचाल केली की सुटते आणि विश्रांतीनं उलट वाढते, असं असेल तर ते वाताच्या प्रकारातलं दुखणं असू शकतं. त्याचे डॉक्टर वेगळे आणि औषधंही वेगळी.

आता एमआरआयबद्दल. माझ्या रिपोर्टात 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती बाहेर फुगलीय, असं लिहिलं होतं आणि मी वर्षभर त्या दोन शब्दांना घाबरून वाकत नव्हते. नंतर कळलं की २०१५ साली काही संशोधकांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. त्यात पन्नाशीच्या सुमाराला साधारण ६० टक्के लोकांमध्ये अशी फुगलेली चकती दिसली, आणि त्यांना दुखत काहीच नव्हतं. म्हणजे रिपोर्ट खोटा नसतो, पण केस पिकावेत तशी ती वयाची खूण असू शकते. शस्त्रक्रियेची खरंच गरज आहे का, ते रिपोर्टाबरोबर तुमचे पाय, ताकद आणि संवेदना तपासूनच ठरतं.

पहिले दोन आठवडे: फक्त वही

काहीही नवं सुरू करायचं नाही. शाळेची दोनशे पानी वही घ्या आणि रोज रात्री चार गोष्टी लिहा: झोप किती तास, चालणं किती मिनिटं, सलग बसणं जास्तीत जास्त किती मिनिटं, आणि दिवसभरातलं दुखणं शून्य ते दहात किती. दुखण्याचा आकडा दिवसातून एकदाच लिहायचा. दर तासाला कमरेची चौकशी करत बसलं की ती जास्तच बोलायला लागते, हा माझा अनुभव.

वहीच्या पहिल्या पानावर एक काम लिहा. 'दुखणं शून्य' असं लिहू नका, ते आपल्या हातात नाही. नातवाला उचलून घेणं, जमिनीवर बसून भाकरी थापणं, देवीच्या पायऱ्या चढणं, असं डोळ्यांना दिसणारं काम हवं. मी लिहिलं होतं: लोणंद ते तरडगाव. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा या टप्प्यात चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं. लग्नाआधी मी ते दरवर्षी चालत जाऊन बघायची.

तिसऱ्या आठवड्यापासून: बसण्याचं माप

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो, आणि सगळ्यात कमी लोक हेच करतात, कारण यात विकत घेण्यासारखं काहीच नाही.

आपण काम दुखण्यावर मोजतो. दुखेपर्यंत करायचं आणि दुखलं की थांबायचं. यानं दोन गोष्टी होतात. बऱ्या दिवशी आपण हद्द ओलांडतो आणि नंतरचे दिवस भरपाईत जातात. दुसरं म्हणजे काम आणि दुखणं यांची मेंदूत गाठ पक्की होते, मग मशीनचं कव्हर काढतानाच कंबर कुरकुरते. त्यामुळे काम घड्याळावर मोजायचं.

पद्धत अशी. तीन वेगवेगळ्या दिवशी बघा की किती मिनिटं बसल्यावर दुखणं स्पष्ट वाढतं. माझे आकडे आले ४०, २५ आणि ३५. बेरीज १००, सरासरी ३३. त्यातला पाचवा भाग कमी केला की उरतात साधारण २६. म्हणून माझी सुरुवात २५ मिनिटांची. मोबाईलवर गजर लावायचा आणि वाजला की उठायचं. बाही अर्धी बसली असली, दोरा सुईत असला, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी उठायचं. तीन-चार मिनिटं उभं राहून काज-बटणं, इस्त्री किंवा कापडाच्या घड्या, आणि मग परत पंचवीस मिनिटं.

पहिल्या आठवड्यात याचा फार राग येतो. पंचविसाव्या मिनिटाला काहीच दुखत नसतं, हात चांगला चाललेला असतो आणि गजर वाजतो. पण खरी मेख तीच आहे, न दुखताच उठायचं. तसंच वाईट दिवशी काम पूर्ण टाकून द्यायचं नाही, पंचवीसच्या जागी पंधरा करायचं, पण बसायचं. दोन आठवडे सरळ गेले की पाच मिनिटं वाढवा. मी पंचवीसवरून पंचेचाळीसवर यायला पाच महिने घेतले आणि तिथेच थांबले.

हेच गणित शेतात खुरपताना, बँकेत काउंटरवर बसताना, ट्रॅक्टर चालवताना लागू पडतं, फक्त मिनिटं ज्याची त्याची. धुणं, झाडलोट आणि भाजी निवडणं एकापाठोपाठ एक करू नका, मध्ये वेगळ्या ठेवणीचं काम घाला. गॅसची टाकी सरकवायला घरातल्यांना हाक मारा. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही, पण माझ्या सासूबाईंना ते पटवायलाच मला टाकी उचलण्यापेक्षा जास्त ताकद लागली.

बसण्याची जागाही एकदा बघा. मी पायमशीनला मोटर बसवली, स्टूल टाकून पाठ टेकता येईल अशी खुर्ची घेतली आणि कटिंगचं टेबल विटा लावून कोपराच्या उंचीला आणलं. जमिनीवर पसरून कापड कापणं बंद केलं. एकच 'बरोबर' ठेवण अशी काही नसते. कुठलीही ठेवण तासभर धरली की वाईटच.

चालणं

साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला यायचं म्हटलं तरी उतार. अजिंक्यताऱ्याची चढण पहाटे गर्दीनं भरलेली असते, पण दुखणाऱ्या कमरेनं सुरुवात तिथून करू नये. मी गोडोलीच्या तळ्याजवळ सुरुवात केली, दहा मिनिटं, तीही दोन हप्त्यांत. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर आले. चढण चौथ्या महिन्यात, तीही वाटेतल्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत आणि उतरताना सावकाश. काहींना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो.

ऑस्ट्रेलियात नुकतीच कंबरदुखी ओसरलेल्या ७०१ माणसांवर झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवत नेलेलं चालणं आणि थोडं मार्गदर्शन मिळालेल्यांमध्ये दुखणं परत यायला मधल्या हिशेबानं (म्हणजे निम्म्या जणांचं परत येईपर्यंत) २०८ दिवस लागले, काहीच न मिळालेल्यांमध्ये ११२. एका जोडी बुटांच्या खर्चात इतकं पदरात पडत असेल तर माझ्यासारख्या हिशेबी बाईला आणखी काय हवं!

चालताना एका पायात कळ जात असेल, किंवा थोडं चाललं की पोटऱ्या भरून येऊन बसावंच लागत असेल आणि पुढे वाकलं की बरं वाटत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. डॉक्टरांना हे याच शब्दांत सांगा.

व्यायाम आणि योग

२०१७ मध्ये झालेल्या एका मोठ्या आढाव्यात योगाच्या १२ चाचण्या तपासल्या होत्या. निष्कर्ष साधा होता: काहीच न करण्यापेक्षा योगानं हालचालीत थोडा फायदा होतो, पण इतर व्यायामांपेक्षा तो वरचढ ठरल्याचं दिसलं नाही, आणि काहींची कंबर योग करतानाच दुखावली. म्हणून योग की जिम, या वादात पडू नका. जे तुम्ही सहा महिने सोडणार नाही ते तुमचं.

माझा रोजचा पंधरा मिनिटांचा क्रम: मार्जारासन आठ वेळा, गुडघे वाकवून सेतुबंधासन आठ वेळा, मग चार पायांवर राहून उजवा हात आणि डावा पाय लांब करून पाच श्वास, नंतर उलट. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं आणि शेवटी शवासन. पश्चिमोत्तानासन आणि हलासन मी करत नाही. पायात कळ जाणाऱ्यांनी जोरानं पुढे वाकणारी आसनं शिक्षकाशिवाय करू नयेत. व्यायामानंतर स्नायू थोडे ठणकले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवळले तर चालेल. कळ पायात खाली उतरत गेली तर तो प्रकार थांबवा.

पट्टा आणि ट्रॅक्शनवर माझे बरेच पैसे गेले. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात पट्टे, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि ते विजेच्या झिणझिण्यांचं यंत्र, हे नेहमीच्या उपचारात देऊ नये असं म्हटलंय. समजूत घालणं, व्यायाम, मालिश आणि मनाच्या बाजूचे उपचार यांना मात्र जागा आहे.

शेक, तेल आणि वैद्यांकडचं

दुखऱ्या जागी चोळलं की बरं का वाटतं? १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार पाठीच्या कण्यात वेदनेसाठी जणू एक दार असतं. स्पर्शाचे संदेश आले की वेदनेला ते काही वेळ थोडं लोटलं जातं. म्हणून आईनं फुंकर घालून चोळलेलं खरंच लागू पडतं, आणि म्हणूनच तो उतार तात्पुरता असतो. तेल हाडापर्यंत मुरत नाही. काम करतात ते हात आणि ऊब.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा किंवा एरंडाचा पाला गरम करून बांधणं, सगळ्यांचं काम तेच. मधुमेह असेल, त्वचा बधिर असेल तर ऊब आधी दुसऱ्या कुणाला तरी हातानं बघायला सांगा. भाजलेलं कळत नाही आणि जखम महिने महिने चालते. बाम लावून त्यावर शेक घेऊ नका.

वैद्यांकडे मी कटिबस्ती केली. कमरेवर उडदाच्या पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल ठेवतात. इतकं छान वाटतं की डोळा लागतो. उतार मला दोन-तीन दिवस टिकला. खिशाला झेपत असेल तर करा, पण त्या दोन-तीन दिवसांत व्यायाम पुढे ढकलू नका, उलट तेव्हाच करा. ॲक्युपंक्चर करायचं तर सुई नवी, एकदाच वापरायची आणि तुमच्या समोर फोडलेली हवी. तुंबडीनं कातड्यावर गोल डाग उठतात, फार काळ टिकणारा फायदा मला दिसला नाही. हाडवैद्याच्या झटक्यांबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ठिसूळ हाडं किंवा मणक्याचा आजार असताना दिलेला झटका महागात पडतो. तापलेल्या सळईनं डाग देणाऱ्यांकडे तर फिरकूच नका.

पोटात घ्यायचं

हळदीचा बाजार शेजारी सांगलीतच, तेव्हा पहिला सल्ला हळदीच्या दुधाचा. हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक म्हणजे कर्क्युमिन, पण ते साधारण दोन ते पाच टक्केच असतं आणि ते आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. त्याच्या गोळ्यांच्या चाचण्या झाल्यात त्या बहुतेक गुडघ्याच्या झिजेवर. तेव्हा हळदीचं दूध आवडतं म्हणून प्या. गोळ्या किंवा कॅप्सूल घ्यायच्या तर रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काहींच्या यकृताला त्यांचा त्रास झालेला आहे.

गुग्गुळ, रास्ना वगैरे घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, नावाची चिठ्ठी घेऊन, आणि ती चिठ्ठी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना दाखवायची. भस्मं मनानं घेऊ नका. पण सगळ्यात जास्त भीती आहे ती बिननावाच्या पुड्यांची. आठवडी बाजारात किंवा कुणाच्या ओळखीनं मिळणारी पुडी दोन दिवसांत चमत्कार करते, तेव्हा त्यात स्टिरॉइड किंवा वेदनाशामक कुटून घातलेलं असण्याचा दाट संशय घ्यावा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अशी पुडी वर्षभर खाल्ली. चेहरा गोल झाला, साखर वाढली, आणि कंबर दुखतच राहिली. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

ड जीवनसत्त्व आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. कमी असेल तर भरून काढा, पण आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी सांगितलेल्या मुदतीपलीकडे चालू ठेवू नका. मेडिकलमधून मनानं आणलेल्या वेदनाशामक गोळ्या किडनी, पोट आणि रक्तदाबाला भारी पडतात. आणि हो, मशेरी. दुखणं विसरायला म्हणून बायका ती लावत राहतात, पण निकोटिननं झोप उडते आणि झोप उडाली की दुखणं वाढतं. मी सोडली तेव्हा पंधरा दिवस घरातलं कुणी माझ्याजवळ फिरकत नव्हतं.

झोप आणि डोकं

फळीवर झोपा, हा सल्ला मला किमान वीस जणांनी दिला. स्पेनमध्ये ३१३ माणसांना काहींना कडक आणि काहींना मध्यम घट्ट गादी देऊन पाहिलं, तर मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला. हे २००३ साली प्रसिद्ध झालंय. मी फळी उचलून तिच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. उठण्याची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेलेली असो.

मनाचं काम म्हणजे दुखणं मनाचे खेळ आहेत असं नव्हे. दुखणं खरंच असतं, पण त्याचा आवाज किती मोठा हे चिंता, राग, एकटेपणा यावर ठरतं. रात्री पडल्यावर पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेक भाग नुसता जाणवू द्यायचा, मुद्दाम सैल सोडायचा प्रयत्नही करायचा नाही. आपल्याकडे योगनिद्रा म्हणतात, ती याच्याच जवळची. १९७९ पासून अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांना आठ आठवड्यांच्या वर्गात असंच काहीसं शिकवलं, आणि कंबरदुखीवर त्याच्या चाचण्याही झाल्या. मला पहिले दहा दिवस झोपच लागायची. लागू द्या. पण सतत उदास वाटत असेल, जगण्यात राम नाही असं वाटत असेल, तर मानसोपचाराचे डॉक्टर गाठा. कंबरेचा इलाज तिथूनही होतो.

दुखण्याची उसळी आली तर

येणारच. पाहुणे येतात, एसटीत मागची सीट मिळते, दिवाळी येते. तेव्हासाठी वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेवा: दोन दिवस काम निम्म्यावर, शेक दिवसातून तीनदा, घरातल्या घरात तासाला पाच मिनिटं चालणं, व्यायामातले सोपे दोनच प्रकार, डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेल्या मात्रेत. अंथरूण धरायचं नाही आणि या काळात नवा उपाय सुरू करायचा नाही. उसळी आपोआपही ओसरते, आणि श्रेय भलत्यालाच जातं. धोक्याच्या खुणा मात्र पुन्हा एकदा तपासा.

बारा आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. 'अजून दुखतंय' यापेक्षा 'बसणं पंचवीसवरून पस्तीस झालं, झोप पाच तासांवरून साडेसहा, दुखणं सहावरून पाच' हे ऐकून त्यांनाही पुढचं ठरवता येतं. माझ्या गोळ्या अशाच वहीवरून कमी झाल्या.

गेल्या आषाढात लोणंदहून निघाले. चांदोबाच्या लिंबापर्यंत चालत, मध्ये तीनदा बसून. अश्व धावताना बघितले, टाचा उंचावून. तिथून तरडगावपर्यंत मात्र आमच्या आळीच्या टेम्पोत बसले. वहीत त्या तारखेला लिहिलंय: झोप चार तास, दुखणं सहा. पुढच्या रकान्यात चालण्याची मिनिटं लिहायची राहिलीच.